आयोगाचा हात सीमेपलीकडे कुठवर पोचतो?

रत्नागिरी जिल्ह्यात आखातात गेलेल्या कामगारांच्या घरच्यांसाठी मदत केंद्र चालवणाऱ्या एका कार्यकर्त्याने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला: देशोदेशींचे मानवी हक्क आयोग एकमेकांशी आंतरराष्ट्रीय सहकार्य करतात असं वाचायला मिळतं, पण दोह्यात किंवा मस्कतला अडकलेल्या आमच्या पोराला त्याचा काही उपयोग असतो का? दुसरा: आपल्या राष्ट्रीय आयोगाचा दर्जा उतरवायची शिफारस बाहेरच्या लोकांनी केली म्हणे, हा अधिकार त्यांना दिला कुणी?

मी बावीस वर्षं परदेशी गेलेल्या कामगारांच्या तक्रारी लिहिण्याचं आणि त्यांचा पाठपुरावा करण्याचं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'होतो, पण वाट माहीत असली तर' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर अनेकांना आवडत नाही: हा अधिकार आपणच दिला आहे, आणि तो असण्यातच तुमच्या पोराचं हित आहे.

आधी आयोगाची हद्द समजून घ्या. आपला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ च्या कायद्याने उभा राहिला. त्या कायद्याच्या कलम १३ ने आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले: साक्षीदाराला बोलावणं, कागद मागवणं, शपथेवर विचारणं. कलम १७ खाली तो केंद्र किंवा राज्य सरकारकडून अहवाल मागवू शकतो. शेवटी मात्र तो शिफारस करतो, हुकूमनामा काढत नाही. आणि हे सगळं देशाच्या हद्दीत. दोह्यातल्या बांधकाम कंपनीच्या मालकाला दिल्लीहून समन्स जात नाही. दिल्ली फार तर परराष्ट्र मंत्रालयाला विचारू शकते की दूतावासाने काय केलं, किंवा उत्प्रवासी संरक्षकांच्या, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांवर आणि त्यांच्या एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला विचारू शकते की या एजंटाच्या परवान्याचं काय.

पण त्या मालकाला ज्या देशात बोलावता येतं, तिथेही एक संस्था असू शकते. कतारमध्ये राष्ट्रीय मानवी हक्क समिती २००२ पासून आहे. तिच्याकडे परदेशी कामगार स्वतः तक्रार घेऊन जाऊ शकतो. ती कामगार खात्याला लिहू शकते आणि कंपनीशी बोलू शकते. सहकार्य म्हणजे मुळात एवढंच की एका देशाच्या टेबलावरची फाइल दुसऱ्या देशाच्या योग्य टेबलावर पोचली पाहिजे, आणि तिथल्या माणसाने ती स्वतःची समजून उघडली पाहिजे. परिषदा, जाहीरनामे आणि सामूहिक फोटो यांना मी फार महत्त्व देत नाही. ते हवेत, कारण ओळखी तिथेच होतात. पण फाइल हलली का, हा माझा एकच निकष आहे.

आशियात या कल्पनेला नीट रूप मिळालं ते नोव्हेंबर २००८ मध्ये सोल इथे. दक्षिण कोरियाच्या आयोगाने बोलावलेल्या परिषदेत स्थलांतरितांच्या हक्कांसाठी आयोगांनी एकमेकांशी सहकार्य कसं करावं याची मार्गदर्शक तत्त्वं ठरली. सूत्र सोपं होतं: माणसं पाठवणाऱ्या आणि माणसं घेणाऱ्या देशांच्या आयोगांनी आपसात थेट करार करावेत, माहिती द्यावी-घ्यावी, तक्रारींचा मिळून पाठपुरावा करावा. नेपाळच्या आयोगाने ही वाट सगळ्यात मनापासून धरली असं माझं मत आहे. कतारच्या समितीशी त्यांनी सामंजस्य करार केला. कतारमधल्या बांधकामांवर नेपाळी कामगार मोठ्या संख्येने होते आणि काठमांडूच्या विमानतळावर शवपेट्या उतरत होत्या. त्या दुःखातूनच हा करार आला. मलेशिया आणि इंडोनेशियाच्या आयोगांनीही घरकामगार आणि मळ्यांतल्या मजुरांसाठी असंच एकमेकांशी काम केलं आहे.

करार झाला म्हणून कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर कामगार तिथे गेला तो मालक, दुसऱ्या दिवशी पासपोर्ट परत देतो असं नाही. कतारने स्वतःचे कायदेही बदलले: बहुतेक कामगारांची देश सोडायच्या परवान्याची अट २०१८ मध्ये गेली, घरकामगारांची २०२० मध्ये, नोकरी बदलायला आधीच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं, तीही अट २०२० मध्ये काढली, आणि मार्च २०२१ पासून किमान वेतन महिन्याला १,००० रियाल झालं. यामागे कामगार संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, फुटबॉल विश्वचषकामुळे जगाची नजर, असं बरंच काही होतं. आयोगांचं श्रेय त्यातला एक वाटा आहे, सगळं नाही. पण कायदा बदलला तरी एका माणसाचा पासपोर्ट कपाटात अडकलेलाच असतो, आणि तिथे कुणीतरी त्या एका माणसासाठी फोन उचलावा लागतो.

माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. रायगड जिल्ह्यातला एक प्लास्टरचं काम करणारा तरुण एका आखाती देशात गेला. मुंबईत सही केलेल्या करारात एक पगार, तिथे पोचल्यावर अरबीत पुढे केलेल्या करारात त्याहून एक तृतीयांश कमी. पाचव्या महिन्यात पगारच थांबला. आम्ही दूतावासाला लिहिलं, त्या देशाच्या मानवी हक्क संस्थेलाही लिहिलं, आणि उत्तराची वाट पाहत बसलो. दोन महिन्यांनी अर्ज परत आला. चूक आमची होती. अर्जात त्याच्या वास्तव्य परवान्याचा क्रमांक नव्हता आणि कंपनीचं नाव आम्ही तो उच्चारायचा तसं लिहिलं होतं. त्या नावाची कंपनी नोंदीतच नव्हती. दुसऱ्यांदा त्याने व्हॉट्सॲपवर इकाम्याचा, म्हणजे वास्तव्य परवान्याचा, दोन्ही बाजूंचा फोटो पाठवला, साइटवरच्या फलकाचा फोटो काढला, त्यावर कंपनीचं नाव अरबीत होतं. त्या अर्जानंतर तीन आठवड्यांत पासपोर्ट हातात आला. थकलेल्या पगारापैकी निम्माच मिळाला, पण तो घरी आला.

तेव्हापासून मी कुणाचंही रडणं ऐकण्याआधी कागद मागतो. ऐकणाऱ्याला ते कठोर वाटतं. पासपोर्टची प्रत, दोन्ही करार, परवान्याचा क्रमांक, नावाचं अरबी रूप, बँकेत पगार जमा झाल्याची शेवटची नोंद, आणि त्या माणसाचं स्वतःचं संमतीपत्र. हे संमतीपत्र फार जण विसरतात. भाऊ किंवा बायको तक्रार करते तेव्हा तिकडची संस्था आधी विचारते की त्या माणसाला ही तक्रार हवी आहे का. हा प्रश्न रास्त आहे. तक्रार गेल्याचं कळल्यावर मालक 'फरार' म्हणून उलटी तक्रार ठोकू शकतो, त्यामुळे धोका पत्करायचा की नाही हे त्यालाच ठरवू द्यायला हवं.

आता कुठल्या आयोगाकडे जायचं? इथे माणसं हमखास चुकतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर राज्य मानवी हक्क आयोगाचं कार्यालय आहे, म्हणून कोकणातली माणसं तिथे खेटे घालतात. राज्य आयोग कायद्याच्या कलम २१ प्रमाणे फक्त राज्य सूची आणि समवर्ती सूचीतल्या विषयांत चौकशी करू शकतो. परदेशी जाणं, पासपोर्ट, व्हिसा हे विषय संघ सूचीत आहेत. म्हणजे दूतावासाने, उत्प्रवासी संरक्षकाने किंवा पासपोर्ट कार्यालयाने हलगर्जी केली असेल तर अर्ज दिल्लीलाच जायला हवा. उलट एजंटाने इथे पैसे खाल्ले आणि पोलीस ठाण्यात गुन्हाच नोंदवून घेत नाहीत, तर ते राज्य आयोगाचं काम. एकाच माणसाच्या हकिकतीचे असे दोन अर्ज होतात. परवानाधारक एजंटाला सेवा शुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, हेही तुमच्या केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

दिल्लीच्या आयोगाकडे तक्रारीला फी नाही. आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत अर्ज चालतो, म्हणजे मराठीतही चालतो. वकील लागत नाही. पण घटनेला वर्ष उलटून गेलं असेल तर कलम ३६ आडवं येतं. आयोग चौकशी करू शकत नाही. 'आधी एजंटाशी बोलून बघू, मग गावच्या पुढाऱ्याशी' करत करत वर्ष निघून जातं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता रागही येत नाही, नुसतं वाईट वाटतं. आणि अर्जाच्या शेवटी एक विनंती स्वतंत्र परिच्छेदात लिहा: ही तक्रार अमुक देशाच्या राष्ट्रीय मानवी हक्क संस्थेकडे कार्यवाहीसाठी पाठवावी. आपण मागितलं नाही तर बहुधा कुणी आपणहून पाठवत नाही. त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंद करा. आयोगाचा अर्ज म्हणजे दूतावासाला पर्याय नव्हे. दूतावासाने काय केलं हे विचारणारा कुणीतरी मागे उभा आहे, एवढं त्याने साधतं.

खलाशांचं मात्र वेगळं. तुमच्या जिल्ह्यातली पोरं मर्चंट नेव्हीत आहेत म्हणून सांगतो. जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा, म्हणजे जिथे जहाजाची नोंद असते त्याचा, आणि तो देश बऱ्याचदा खलाशाने कधी पाहिलेलाही नसतो. तिथे आयोग-ते-आयोग वाट लांबची पडते. दोन महिने पगार थकला तर आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं मानता येतं, आणि जहाजाच्या विम्यावर दावा उभा राहतो. आधी मुंबईतल्या जहाजवाहतूक महासंचालनालयाकडे आणि खलाशांच्या संघटनेकडे जा.

आता समजा त्या देशात स्वतंत्र आयोगच नाही. सौदी अरेबियात मानवी हक्क आयोग आहे, पण तो सरकारचाच भाग आहे आणि जागतिक मान्यतेच्या व्यवस्थेत नाही. अशा वेळी काय, याचं मला सगळ्यात शिकवून गेलेलं उदाहरण थायलंडचं आहे. कंबोडियाच्या कोह काँग प्रांतात २००६ मध्ये उसाच्या मळ्यांसाठी सुमारे २०,००० हेक्टर जमीन सवलतीने दिली गेली. गावकऱ्यांची शेतं गेली, फळझाडं गेली, गुरं गेली. कंबोडियात दाद मागायला स्वतंत्र आयोग नव्हता. पण त्या मळ्यांत थायलंडच्या एका मोठ्या साखर कंपनीची मालकी होती. २०१० मध्ये गावकऱ्यांच्या वतीने थायलंडच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार गेली. प्रश्न उभा राहिला की नुकसान कंबोडियात, माणसं कंबोडियाची, मग बँकॉकचा काय संबंध? आयोग म्हणाला, कंपनी आमची आहे. २०१२ मध्ये प्राथमिक निष्कर्ष आले, २०१५ मध्ये अंतिम अहवाल. त्यात हक्कांचं उल्लंघन झालं असं आयोगाने म्हटलं. पुढे म्यानमारमधल्या दवेई इथल्या बंदर आणि औद्योगिक वसाहतीच्या प्रकल्पाबद्दलही याच आयोगाने अहवाल दिला आणि २०१६ मध्ये थाई मंत्रिमंडळाला परदेशातल्या थाई गुंतवणुकीबद्दल ठराव करावा लागला.

गावकऱ्यांना जमीन लगेच परत मिळाली का? नाही. पण 'आमच्या हद्दीत घडलं नाही' या वाक्यामागे लपण्याची सोय एका आयोगाने नाकारली. कामगाराच्या बाबतीतही हाच मार्ग असतो. कंपनी कोणत्या देशाची, मुख्य कंत्राट कोणाकडे, पैसा कुठून येतो हे शोधा. आखातातल्या प्रकल्पावर मुख्य कंत्राटदार कोरियाचा किंवा युरोपातला असू शकतो, आणि त्या देशांत आयोग आहेत. एखादी भारतीय कंपनी बाहेर जाऊन कुणाची जमीन घेत असेल, तर तिथला माणूसही दिल्लीचं दार वाजवू शकला पाहिजे. ही दुसरी बाजू आपल्याकडे फारशी कुणी बोलत नाही.

आता दर्जाचं. हा माझ्या मते सगळ्या सहकार्याचा कणा आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला देशोदेशींच्या अशा संस्था प्रथम एकत्र बसल्या आणि स्वतंत्र आयोग म्हणजे काय याचे निकष त्यांनी लिहून काढले. त्यांनाच पॅरिस तत्त्वं म्हणतात. २० डिसेंबर १९९३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांना मान्यता दिली. निकष थोडक्यात असे: आयोग कायद्याने स्थापन झालेला असावा, त्याला स्वतःचा पुरेसा पैसा असावा, नेमणुका पारदर्शक असाव्यात, त्यात समाजातल्या वेगवेगळ्या घटकांची माणसं असावीत, आणि तो सरकारच्या मुठीत नसावा. हे निकष पाळले जातात का, हे तपासतात ते आयोगच. त्यांच्या जागतिक आघाडीची मान्यता उपसमिती असते. आफ्रिका, अमेरिका, युरोप आणि आशिया-पॅसिफिक या चार विभागांतून 'ए' दर्जाच्या एकेका संस्थेचा प्रतिनिधी तिच्यावर असतो. दर पाच वर्षांनी प्रत्येकाची तपासणी होते. 'ए' मिळाला तर जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत स्वतःच्या नावाने बोलता येतं, आघाडीत मत देता येतं. 'बी' म्हणजे निकष अर्धवट पाळले. बसता येतं, मत नाही. आज जवळपास ९० संस्था 'ए' दर्जाच्या आहेत.

तेव्हा 'बाहेरचे लोक' म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विन इथे आशिया पॅसिफिक फोरम, म्हणजे या विभागातल्या आयोगांचा मंच, स्थापन झाला तेव्हा त्याचे संस्थापक चार होते: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंडोनेशिया आणि भारत. भारताच्या आयोगाने १९९९ पासून 'ए' दर्जा अभिमानाने मिरवला आहे. पहिल्या पंगतीला आपण बसलो आणि वाढपीही आपणच होतो. आता ताट तपासलं तर परकं म्हणून चालणार नाही.

२०१६ मध्ये आपली मान्यता लांबणीवर टाकली गेली, २०१७ मध्ये 'ए' परत मिळाला. २०२३ मध्ये पुन्हा लांबणीवर, २०२४ मध्ये आणखी एकदा. मार्च २०२५ च्या बैठकीत उपसमितीने 'बी'वर उतरवण्याची शिफारस केली. अशी शिफारस लगेच लागू होत नाही. संस्थेला सुधारणा दाखवायला वर्षभर मिळतं. या सगळ्या वर्षांतले आक्षेप साधारण तेच राहिले: सदस्यांत स्त्रिया आणि अल्पसंख्य फार कमी, निवड पुरेशी खुली नाही, महासचिव सरकारकडून येतो, तपास पोलीस अधिकारी करतात, आणि नागरी संघटनांशी नातं दुबळं आहे.

यातला पोलिसांचा मुद्दा नीट समजून घ्या. आयोगाकडे येणाऱ्या तक्रारींत पोलिसांविरुद्धच्या तक्रारी मोठ्या असतात. कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत आयोगाला द्यावी, असा आदेश आयोगाने स्थापनेच्या पहिल्याच वर्षी काढला. ते फार मोलाचं काम होतं. पण त्या मृत्यूचा तपास करणारा अधिकारी स्वतः पोलीस दलातून तात्पुरता आलेला असतो आणि उद्या त्याच दलात परत जाणार असतो. तो माणूस प्रामाणिक असू शकतो, मी तसे पाहिले आहेत. तरी मेलेल्या पोराच्या आईने त्याच्यासमोर बसून काय सांगावं? ही व्यवस्था कुणा अध्यक्षाच्या लहरीतून आलेली नाही. ती कायद्याच्या कलम ११ मध्येच लिहिलेली आहे: महासचिव म्हणून सचिव दर्जाचा अधिकारी केंद्र सरकारने द्यायचा, तपासाचे पोलीसही सरकारने द्यायचे. म्हणून नुसतं आयोगाला दोष देणं अर्धवट आहे. ते कलम बदलणं संसदेचं काम आहे. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा अध्यक्षपदासाठी सर्वोच्च न्यायालयाचा कुठलाही निवृत्त न्यायाधीश चालेल असं ठरलं, एक महिला सदस्य असावी असं ठरलं, मुदत पाचाऐवजी तीन वर्षं झाली. कलम ११ मात्र जिथे होतं तिथेच राहिलं. ही संधी हुकली याचं मला आजही वाईट वाटतं.

दर्जा घसरणं म्हणजे शेवट नसतो. श्रीलंकेचा आयोग २००७ मध्ये 'बी'वर गेला. २०१५ मध्ये एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने नेमणुका पुन्हा संविधान परिषदेमार्फत होऊ लागल्या, आणि २०१८ मध्ये 'ए' परत आला. थायलंडचा तर गंमतीशीर नव्हे, विचार करायला लावणारा प्रकार आहे. कोह काँगचा अंतिम अहवाल देणारा तोच आयोग, त्याच सुमारास सदस्यनिवडीच्या पद्धतीमुळे 'बी'वर उतरला आणि २०२२ मध्ये 'ए'वर परतला. म्हणजे 'बी' दर्जाच्या संस्थेत धाडसी माणसं असू शकतात, आणि 'ए' दर्जा हा चांगल्या कामाचा दाखला नसून चांगलं काम करता येईल अशा रचनेचा दाखला आहे. तुमच्या पोराच्या फाइलशी याचा संबंध सरळ आहे. दुसऱ्या देशातला अधिकारी आपल्या आयोगाचं पत्र उघडताना हे पत्र स्वतंत्र संस्थेचं आहे की सरकारी खात्याचं, हे मनात तोलतोच. सरकारी खात्याचं वाटलं तर तो ते स्वतःच्या परराष्ट्र खात्याकडे सरकवतो, आणि तिथे ते इतर हजार पत्रांत पडून राहतं.

सहकार्याचं आणखी एक रूप आहे, ते संकटात दिसतं. सप्टेंबर २०१७ मध्ये फिलिपिन्सच्या प्रतिनिधीगृहाने तिथल्या मानवी हक्क आयोगाला पुढच्या वर्षासाठी १,००० पेसो अंदाजपत्रक मंजूर केलं. एकही शून्य गळलेलं नाही. पूर्ण संस्थेला वर्षभरासाठी एक हजार पेसो. अमली पदार्थांच्या नावाखाली चाललेल्या हत्यांबद्दल आयोग बोलत होता, त्याचा हा राग. देशात लोक उठले, बाहेरच्या संस्थाही त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि निधी परत आला. हाच आयोग पुढे मोठ्या तेल, कोळसा आणि सिमेंट कंपन्यांमुळे होणाऱ्या हवामानबदलाचा मानवी हक्कांवर काय परिणाम होतो याची चौकशी करत होता. २०१८ मध्ये त्याने मनिलाबरोबरच न्यूयॉर्क आणि लंडनलाही सुनावण्या घेतल्या, आणि २०२२ मध्ये अहवाल दिला. एका गरीब द्वीपराष्ट्राचा आयोग लंडनमध्ये सुनावणी घेतो, हे मला आजही थक्क करतं.

अफगाणिस्तानात मात्र असं काही वाचवता आलं नाही. तिथला स्वतंत्र मानवी हक्क आयोग २००२ मध्ये उभा राहिला, सीमा समर त्याच्या पहिल्या अध्यक्षा. जून २०२० मध्ये काबूलमध्ये गाडीखाली बॉम्ब लावून त्याच्या दोन कर्मचाऱ्यांना मारलं गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आलं, कार्यालयं ताब्यात गेली, आणि मे २०२२ मध्ये गरज नाही आणि अंदाजपत्रकात तूट आहे असं सांगून तालिबानने आयोगच बरखास्त केला. त्या काळात दुसऱ्या देशांच्या आयोगांतली माणसं आपल्या सहकाऱ्यांना बाहेर काढण्यासाठी रात्रंदिवस धडपडत होती. काही सुटले, सगळे नाही. फाइलींत ज्यांची नावं होती त्या साक्षीदारांचं काय झालं असेल, हा विचार या कामातल्या कुणालाही झोपू देत नाही. म्हणूनच तक्रारदाराची माहिती कुणाकडे, किती आणि कशी पाठवायची याबद्दल मी इतका चिकट आहे.

आता शेवटी तुमच्याच बंदराकडे येतो. सहकार्य दोन्ही बाजूंनी असतं. तुम्ही कतारच्या समितीने आपल्या पोराची फाइल उघडावी म्हणता, तेच काठमांडूचा आयोग आपल्याबद्दल म्हणू शकतो. मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी पोरं आहेत, हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत. आगाऊ दिलेल्या पैशांत हंगामभर बांधलेला माणूस, मालकाकडे ठेवून घेतलेलं ओळखपत्र, बोटीवरून पडून मेल्यावर घरी न पोचलेला निरोप. हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. परका माणूस आहे म्हणून आपल्या आयोगाचं दार त्याला बंद नाही. १९९५ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेल्या, अरुणाचलातल्या चकमा लोकांसाठी राष्ट्रीय आयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि जगण्याचा हक्क नागरिकालाच नाही तर इथे असलेल्या प्रत्येक माणसाला आहे असं न्यायालयाने १९९६ च्या निकालात स्पष्ट सांगितलं.

तुमच्या केंद्रात दर आठवड्याला एक दिवस अर्ज लिहायला बसता ना, त्यातला एखादा दिवस बंदरावर बसा. त्या नेपाळी पोरांचे अर्ज मराठीत किंवा हिंदीत लिहा. बोटीवर पगार बुडाला, ओळखपत्र अडकलं आणि स्थानिक अधिकारी लक्ष देत नाहीत, तर हे राज्य आयोगाचं काम आहे, मुंबईला पाठवा. एक प्रत काठमांडूच्या आयोगालाही पाठवा, आणि पत्रात लिहा की आमच्याही काही माणसांच्या फाइली आखातात अडकल्या आहेत, कतारच्या समितीशी तुम्ही काम कसं करता ते आम्हाला सांगा. उत्तर आलं तर मला जरूर कळवा.